गच्चीची किल्ली

फुकट म्हटलं की या गृहस्थांचा जीव विरघळायचा. घरातली घड्याळं फुकटची, छत्र्या फुकटच्या, बसायची खुर्चीसुद्धा कुठल्याशा दुकानाच्या उद्घाटनात मिळालेली. गल्लीने त्यांचं नाव फुकटराव ठेवलं होतं आणि त्यांना ते बिरुद वाटायचं. त्यांची बायको, म्हणजे गल्लीची आत्या, मातीचे कप घडवून विकायची. चाक पुढच्या खोलीत, विजेची भट्टी मागे आणि कप वाळायला गच्चीवर. ती भट्टी इतकी वीज खायची, की बिल आलं की आत्या आकडा दोनदा वाचायची. छपरावर सोलर हवं, यावर दोघांचं एकमत होतं. घोडं अडलं होतं ते विकत की फुकट यावर.

सोलर कंपनीचा माणूस आला. गोडबोल्या होता, पण खोटारडा नव्हता.

"बसवणं फुकट, देखभाल फुकट. पॅनल आमची, वीज तुम्ही आमच्याकडून स्वस्तात घ्यायची. करार वीस वर्षांचा."

"आणि गच्ची?" आत्याने विचारलं.

"तुमचीच की, ताई! फक्त सगळी पॅनलखाली जाईल. वर जायचं झालं तर आधी कळवायचं, आम्ही माणूस पाठवतो."

"वर जायचंय कुणाला?" फुकटराव हसले.

आत्याने कपाळाला हात लावला. रोज सकाळी वर जाऊन टोमॅटोच्या कुंड्यांशी गप्पा मारणारा माणूस विचारतोय, कुणाला! आणि तिचे कप? गच्ची गेली की धंदा बसलाच. पण वाद घातला असता तर तोही वीस वर्षं पुरला असता. "आठवडाभराने या," एवढंच ती म्हणाली.

मग तिने गच्चीच्या दाराला कुलूप ठोकलं आणि किल्ली शेजारच्या टेलरबाईंना देऊन आली.

"अहो, आठवडाभर गच्ची कंपनीची. वर जायचं तर टेलरबाईंना कळवायचं. मीही कळवीन."

"अगं, त्यात काय एवढं!" फुकटरावांना गंमतच वाटली.

दुसऱ्या सकाळी गंमत उतरली. लेंग्यावरच ते पाण्याचा डबा घेऊन टेलरबाईंच्या दारात उभे. बाईंनी मशीनवरून मान वर केली नाही. "कळवलंत, बरं झालं. माणूस पाठवते. गुरुवारी."

"गुरुवारी? टोमॅटो जळतील माझे!"

"छप्पर तुमचंच आहे हो," बाई म्हणाल्या आणि पायडल मारू लागल्या.

इकडे आत्याचेही हाल कुत्रा खात नव्हता. ओले कप पलंगाखाली, कपाटावर, जेवणाच्या टेबलावर. वाळता वाळेनात. फुकटरावांना ताट मांडीवर घेऊन जेवावं लागलं. घास घेता घेता ते त्या कपांकडे बघत राहिले. एवढे सगळे रोज आपल्या डोक्यावर वाळत होते, हे त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं. आत्याच्या जिवाला मात्र घोर लागला होता. यांनी तरीही सही केली तर?

कंपनीचा माणूस ठरल्याप्रमाणे आला, कागद पसरले, पेन पुढे केलं. पेनही फुकट होतं. फुकटरावांनी ते हातात घेतलं, निरखलं आणि परत दिलं.

"आम्ही विकत घेणार. अर्ध्या गच्चीवर बसतील तेवढीच."

"साहेब, फुकट मिळत असताना?"

"फुकट कसलं? माझ्याच घरात चोरासारखं जिना चढू?"

आत्याला इतका आनंद झाला, की तिने त्या माणसाला दोनदा चहा पाजला.

किल्ली परत आली, पॅनल बसली. भर दुपारी आत्याने भट्टी लावली आणि मीटरकडे बघत बसली. नेहमी उधळणारा मीटर रांगत होता. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली, तर एकाही कपाला तडा नाही. पहिल्या कपात चहा ओतून दोघं वर गेली. अर्ध्या गच्चीवर पॅनल झळकत होती, उरलेल्या अर्ध्यात कप वाळत होते. आणि टोमॅटोंनी, पठ्ठ्यांनी, नवी पालवी धरली होती.

"कळवलंत का हो?" खिडकीतून टेलरबाई ओरडल्या.

फुकटराव कठड्याशी गेले आणि गल्ली दणाणेल असे गरजले, "नाही कळवलं! गच्ची माझी, ऊन माझं!"

"आपलं," आत्या म्हणाली.

"आपलं!" ते पुन्हा गरजले, पहिल्यापेक्षा मोठ्याने.