भट्टीत बरे झालेले स्फटिक

दादाच्या अहवालाप्रमाणे आमचे स्फटिक नव्यासारखे कणखर आहेत. त्यातला एकही आकडा खोटा नाही, हेच तर दुखणं आहे.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ आणि आमच्या प्रयोगशाळेचा प्रमुख. अणुकचरा झिरकॉनसारख्या खनिजात कोंडून जमिनीत पुरायचा, तर ते खनिज टिकेल का, हे आम्ही सांगायचं होतं. म्हणून पोटात युरेनियम असलेले झिरकॉन मागवले. आतल्या किरणोत्साराचा कोट्यवधी वर्षं मार खाल्लेले, मळकट हिरवे. त्यांच्यावर हिऱ्याचं टोक दाबून खड्डा मोजायचं काम माझ्याकडे.

खड्डे फारच लहान आले. आतली रचना विस्कटली की खनिज फुगतं, मऊ पडतं, तडकतं. हे तर ठणठणीत! आणि हिरवे होते ते नितळ कसे झाले?

उलगडा झाला तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. आमची प्रयोगशाळा मूळची सिरॅमिकची. इथे चाचणीआधी प्रत्येक तुकडा भट्टीत लालभडक तापवतात, ओल जावी म्हणून. दादानं सवयीनं हेही भाजले होते. तेवढ्या आचेत विस्कटलेली रचना पुन्हा जुळते. रोगी बरा करून मग आम्ही त्याला तपासलं होतं.

एक स्फटिक मात्र न भाजताच माझ्या खणात राहून गेला होता. त्याच्यावर टोक दाबलं. खड्डा दुप्पट मोठा, कडेला तडे. हे स्फटिक जिथले, ती खाण कधीच बंद झालेली, तेव्हा न भाजलेला हा शेवटचाच. तो घेऊन मी दादाच्या खोलीत गेले.

"दादा, अहवाल मागे घे. चूक कुणाकडूनही होते."

त्यानं स्फटिक उजेडात धरला. त्याला लगेच कळलं.

"मंजुरी आलीय, खोदाई सुरू झालीय. आता कुठल्या तोंडानं मागे घेऊ?"

"आणि खाली ते तडकलं तर?"

"तेव्हा तू नसशील, मीही नसेन. तुला इथे चिकटवलं कोणी, ते आठव जरा."

मला चीड आली, त्याहून जास्त लाज वाटली. शाळेत मी गणिताचं उत्तर मागचं पान बघून जुळवलं, तेव्हा याच दादानं माझा कान पिरगळला होता.

"बरं बाई, पुन्हा तपासू," तो नरमला. मला हायसं वाटलं. वेडीच मी.

तो उठून भट्टीपाशी गेला. स्फटिक आत ठेवला, दार लावलं आणि आच पूर्ण चढवली.

"रीतसर तपासायचं तर आधी भाजायला हवं ना?" तो म्हणाला. "उद्या टोक दाब आणि आकडा मला सांग."