नळात वारं आलं

बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. बाटल्या, कळश्या, तांबे घेऊन माणसं ताईच्या स्वयंपाकघरात घुसत होती. सगळ्यांचे डोळे ओट्यावरच्या नळाकडे. तो आधी गुरगुरला, मग थरथरला, दोनदा खोकला आणि भसाभस पांढरं दूध ओकू लागला.

"घुमतोय, घुमतोय!" शेजारच्या काकू ओरडल्या आणि सगळा बोळ वाकला.

वाकला नाही तो एकटा मामा. ताईचा हा धाकटा भाऊ शाळेत विज्ञान शिकवायचा. मागल्या आठवड्यात मोठी पाइपलाइन फुटून पाणी बंद झालं होतं. ते परत आलं तेव्हा नळ असाच खोकला. ताईने नळवाल्याला फोन केला. तो घाईत म्हणाला, "नळात वारं शिरलंय. तोटी सोडून ठेवा, जाईल निघून." ताईने तेच काकूंना सांगितलं. नळवाल्याचं वारं म्हणजे हवा. काकूंचं वारं म्हणजे अंगात येतं ते. संध्याकाळपर्यंत काकूंनी अंगारे-धुपारे देणाऱ्या बापूंना आणून ओट्याशेजारी बसवलं होतं. तेव्हापासून त्यांचा मुक्काम इथेच.

"पटकन प्या, बाळांनो!" बापू गरजले. "थांबाल तर कृपा उडून जाईल! विज्ञान संपतं तिथून माझी तोटी सुरू होते!"

आतल्या खोलीत भाची पडून होती. तिला साखरेचा आजार, रोज इन्सुलिनची सुई. 'लोखंड टोचलं की कृपा रुसते,' असं सांगून बापूंनी परवा सुई बंद केली होती. आता ती सारखी पाणी मागत होती आणि धापा टाकत होती.

"ताई, तिला सुई दे. आत्ताच्या आत्ता."

"गप रे तू. बापू म्हणालेत, आधी वाढेल, मग उतरेल."

"अगं, ते दूध नाही, हवा आहे!"

"शहाण्यांना हवाच दिसणार," काकू फणकारल्या. "डोक्यात तीच भरलीय ना!"

मामाने एक पेला भरून ओट्यावर ठेवला. पांढरेपणा तळापासून वर सरकत गेला आणि पेल्यात साधं पाणी उरलं.

"पाहिलंत? नास्तिकाच्या हातात कृपा टिकत नाही!" बापू म्हणाले, आणि लोकांनी माना डोलावल्या.

नळाला पाणी गच्चीवरच्या टाकीतून यायचं, म्हणून मामाचा संशय तिथेच होता. त्याने काकूंचं मनगट धरलं आणि त्यांना ओढतच गच्चीवर नेलं. टाकीजवळ बापूंचा चेला व्हॉल्व्हवर हात ठेवून बसला होता.

"अजून सोडू का बंद करू?" त्याने मान वर न करताच विचारलं.

मामा म्हणाला, "रात्री हा इथून पाणी तोडतो आणि खाली बापू तोटी उघडी ठेवतात. पाइप रिकामा होऊन त्यात हवा भरते. सकाळी पाणी सोडलं की ते हवेला रेटत उतरतं. नळ खोकतो आणि बारीक बुडबुड्यांनी पाणी पांढरं दिसतं. बुडबुडे वर निघून जातात, म्हणून पेला खालून निवळतो. हीच ती उडून जाणारी कृपा."

त्याने व्हॉल्व्ह पूर्ण उघडून ठेवला. ते खाली येईपर्यंत नळातून स्वच्छ धार वाहत होती. काकूंनी रडत सगळं सांगितलं. बापू मागच्या दाराने पसार झाले होते.

"पण माझे गुडघे दुखायचे थांबले होते हो," एक आजोबा म्हणाले आणि त्यांनी बाटली भरून घेतली.

ताईने सुईसाठी फ्रिज उघडला, पण कप्पा रिकामा होता. इन्सुलिनच्या बाटल्या तिनेच, बापूंच्या सांगण्यावरून, मोरीत ओतल्या होत्या. मामाने भाचीला उचललं. हाक मारली तर ती ओ देत नव्हती.

"इतका वेळ काय करत होतात तुम्ही?" इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं.

मुलगी वाचली. पण बोलताना तिला अजून शब्द सापडत नाहीत. शेजारी म्हणतात, वाचली ही बापूंचीच कृपा.

पाणी बंद होऊन परत आलं आणि ते पांढरं दिसलं, तर पेला ओट्यावर ठेवा आणि नुसतं बघत राहा. जो कुणी 'थांबू नका, विचारू नका, आधी प्या' म्हणतो, त्याला दारातूनच परत पाठवा. आणि घरात आजारी माणूस असेल, तर त्याचं औषध चुकवू नका. पेल्याला थांबता येतं. त्या पोरीला थांबता येत नव्हतं.