आन्सेल्मच्या चित्राचा ठसा

ड्रेसडेनमध्ये एका जुन्या चांभाराच्या दुकानात आम्हा पाच चित्रकारांचा स्टुडिओ होता. नियम दोनच. प्रदर्शन सगळ्यांनी मिळून करायचं, एकट्याने नाही. आणि कॅटलॉगमध्ये छापायला प्रत्येकाने दुसऱ्याचं चित्र लाकडात कोरून त्याचा ठसा करायचा. स्वतःचं कोरताना माणूस स्वतःचेच लाड करतो, असं आमचा म्होरक्या गेर्विन म्हणे. त्याचं एवढं म्हणणं मात्र खरं होतं.

१९११ साली माझ्या वाट्याला आन्सेल्मचं चित्र आलं. तळ्यातून बाहेर येणारी त्याची बहीण, अंग सगळं हिरवं. मला वाटलं, पोरकट काम, दोन दिवसांत उडवतो.

लागले नऊ दिवस. कोरताना ठरवावं लागतं, काय ठेवायचं आणि काय काढून टाकायचं. त्या चित्रात काढायला मला एकही रेघ सापडली नाही. माझ्या चित्रांतून मी निम्म्या काढल्या असत्या. हे कळलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

दहाव्या दिवशी बातमी आली, की आन्सेल्मने याच चित्राचा फोटो गुपचूप बर्लिनच्या एका प्रदर्शनाला पाठवला होता आणि त्यांनी चित्र घेतलंयसुद्धा. संध्याकाळी बैठक बसली. त्याला गटातून काढायला तीन मतं लागणार होती, दोन पडली होती. मी हात वर केला. नियम म्हणजे नियम, असं वर ऐकवलंही.

सकाळी आन्सेल्म ब्रश न्यायला आला तेव्हा माझ्या हातात रंधा होता. त्याचं चित्र आता कॅटलॉगमध्ये नाही आणि नासपतीचं लाकूड महाग, तेव्हा ठसा तासून पुन्हा वापरायचा, असं गेर्विनने सांगितलं होतं. आन्सेल्म ठसा उचलून खिडकीशी गेला आणि बराच वेळ बघत राहिला.

"टीलो, एवढं बघितलंस तू माझं चित्र?" तो म्हणाला. "मग हात कसा वर गेला रे?"

"बघितलं म्हणूनच गेला."

त्याने ठसा माझ्यापुढे अलगद ठेवला. "गाढवा, माझ्यापेक्षा बरं झालंय हे. निदान एक प्रत तरी काढून ठेव."

तो गेला. शाई हाताशीच होती. पण गेर्विन दारात उभा होता, आणि आदल्या संध्याकाळी नियमाचं तुणतुणं मीच वाजवलं होतं. मी रंधा मारला.

आन्सेल्मचं चित्र बर्लिनला भिंतीवर लागलं. त्या सकाळी शेगडीत गेल्या त्या ढलप्या माझ्या कोरीवकामाच्या होत्या. त्याहून बरं मला पुन्हा कधी जमलं नाही.