पाणी पीत जा, रश्मी

चंद्रकुमारच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. आंधळगावचा बाजाराचा दिवस, पतसंस्थेच्या खिडकीपुढे दारापर्यंत रांग, आणि कॅशवर बसणारी रश्मी गजभिये पुन्हा आजारी. सकाळी तिच्या भावाचा फोन आला, "दीदीले ताप आहे," आणि ठेवला. माणसाला वर्षातून एकदा ताप येतो, फार तर दोनदा. या पोरीला तो पगारासारखा महिन्याच्या महिन्याला येत होता. मग शाखेचा मॅनेजर म्हणवणाऱ्या चंद्रकुमारला स्वतः नोटा मोजत बसावं लागे, आणि बाजाराला आलेल्या बाया वरून विचारत, "काहून साहेब, ती पोरगी सोडून गेली का?"

खरी मेख वेगळीच होती. रश्मीला कामावर घ्या म्हणून भांडला होता तोच. अध्यक्ष भैयाजींनी तेव्हाच नाक मुरडलं होतं. आता तिचं कच्च्या नोकरीचं वर्ष संपत आलं होतं आणि येत्या गुरुवारी संचालकांच्या बैठकीत तिला कायम करायचं की घरी बसवायचं, ते ठरणार होतं. बी.कॉम. होऊन बापाच्या घरी वाट पाहत बसलेल्या पोरीला मिळालेली ही पहिली नोकरी, आणि ती स्वतःच्या हाताने ती घालवायला निघाली होती. चंद्रकुमारला राग येणार नाही तर काय.

बरं, त्याने काही करायचं बाकी ठेवलं होतं असंही नाही. मागे भंडाऱ्याला मॅनेजर लोकांचं एक प्रशिक्षण झालं, तिथे टाय लावलेल्या एका माणसाने सांगितलं होतं की कर्मचारी वारंवार आजारी पडत असेल तर रागावू नका, जवळ बसवा, आपुलकीने विचारा. चंद्रकुमारने ते मनावर घेतलं. रश्मीला समोर बसवलं, चहा मागवला.

"रश्मी, मी काही रागावून नाही राहिलो. पण तुले होते तरी काय?"

"ताप येते सर."

"अवं, पण काहून येते?"

ती टेबलाच्या कडेकडे पाहत राहिली. "डॉक्टर म्हणते, पाणी कमी पेता तुम्ही."

एवढंच ना. चंद्रकुमारचा जीव भांड्यात पडला. तो खास भंडाऱ्याच्या बाजारातून पाणी प्यायला एक पितळी गडवा, तांब्याच तो, घेऊन आला आणि तिच्या टेबलावर ठेवला. बायकोने सब्जाची पुडी दिली, तीही दिली. गडवा रिकामा दिसता कामा नये, अशी शिपाई गोमाजीला ताकीद झाली. दर तासाला चंद्रकुमार केबिनमधून मान बाहेर काढून विचारी, "रश्मी, पाणी पेली का?" त्याचं ऐकून गोमाजी विचारी, वसुलीवाले विचारत, खिडकीवरची एखादी म्हातारीही म्हणे, "पे वं माय, ऊन किती तापून राहिलं." सगळ्या शाखेत मायेचा नुसता पूर आला होता. रश्मी हसून हो म्हणायची, ओठ ओले करायची आणि गडवा खाली ठेवायची.

आणि एवढं करूनही पोरगी भंडाऱ्याच्या दवाखान्यात सलाईन लावून पडली.

बैठकीच्या दोन दिवस आधी ती कामावर आली, उतरलेल्या तोंडाने. दुपारी चंद्रकुमार मागच्या दाराकडे गेला तर ही बाई गडव्यातलं सगळं पाणी शांतपणे जास्वंदीच्या कुंडीत ओतत होती. मग मात्र त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपुलकी गेली खड्ड्यात.

"हे काय लावलं आहेस तू? आम्ही इथं तुझ्या तब्येतीसाठी मरून राहिलो, अन् तू झाडाले पाणी पाजून राहिली? परवा तुझ्या नोकरीचा फैसला आहे, कळते का?"

रश्मीने गडवा कठड्यावर ठेवला. तिचा आवाज चढला नाही.

"पेईन सर. पण पेल्यावर जाऊ कुठं?"

चंद्रकुमारला आधी प्रश्नच समजला नाही. जाऊ कुठं म्हणजे? तो स्वतः, गोमाजी, वसुलीवाले, सगळे जात होते तिथेच की, मागच्या भिंतीशी, नालीवर. आणि मग त्याला समजलं.

"घरून निघाली का पाणी बंद करतो मी," रश्मी भिंतीकडे पाहत म्हणाली. "घरी जाईपर्यंत रोकून धरतो. मग उन्हाळी लागते, जाताना आग होते, कंबर धरते, थंडी वाजून ताप येते. हे फोनवर भावाले सांगू का तुमाले सांगाले? ताप म्हटलं का सगळ्याइले समजते."

संडास नव्हता असं नव्हे. मागे अंगणाच्या कोपऱ्यात होता, दारावर निळ्या रंगात 'महिला' असं लिहिलेला, आणि त्याला कुलूप होतं. चंद्रकुमार ते कुलूप रोज पाहत होता आणि कधीच पाहत नव्हता. आज त्याने खुर्ची लावून झरोक्यातून आत डोकावलं. छतापर्यंत तांदळाची पोती. इमारत भैयाजींची, भाडं संस्था भरत होती, संडासाचंही भरत होती, आणि आत भैयाजींचा तांदूळ सावलीत ऐषआराम करत होता. पोरीला सलाईन लागलं तरी चालेल, तांदळाला ओल लागता कामा नये. चंद्रकुमारने तिथूनच भैयाजींना फोन लावून चावी मागितली. "बैठकीत बोलू," म्हणून त्यांनी ठेवून दिला.

गुरुवारी संचालक जमले, चहा झाला, आणि भैयाजींनी आवाजात साखर घोळली. "पोरीवर आपला राग नाही बाप्पा. मी तिच्या भल्याचंच म्हणून राहिलो. तब्येत नाजूक आहे, घरी राहून आराम करावा."

"तिची तब्येत आपण बिघडवली," चंद्रकुमार म्हणाला. "बायांच्या संडासात तुमचा तांदूळ आहे भैयाजी. ती दिवसभर जाईल कुठं?"

संचालकांना एकाएकी आपापल्या कपात पाहण्यासारखं बरंच काही सापडलं. त्यांच्यातले वयस्क, ताराचंद, तेवढे बोलले. "असं होतं तर पोरीनं सांगावं नाही का? बोलवा तिले."

रश्मी आली आणि दाराशी उभी राहिली. बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

भैयाजी पुढे झुकले. "माझी चुलत बहीण कुंताबाई जन्मभर याच कॅशवर बसली. तिनं तर कधी कुरकुर नाही केली. रस्त्यापलीकडे माझं घर आहे, तिथं जाऊन येत होती. तू काहून नाही गेली बेटा?"

"गेली होती भैयाजी," रश्मी म्हणाली. "रुजू झाली त्याच हप्त्यात. दोनदा."

"मंग?"

"पहिल्यांदा काकूनं आडनाव विचारलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, नळाले पाणी नाही. नळाखालची बादली भरून वाहून राहिली होती."

आडनावाचा आणि नळाचा काय संबंध, असं त्या खोलीत कुणीही विचारलं नाही. न विचारता सगळ्यांना ठाऊक होतं, हीच तर लाजेची गोष्ट. बाबासाहेबांचा फोटो मात्र संस्थेच्या भिंतीवर होता, दर चौदा एप्रिलला भैयाजी स्वतः त्याला हार घालत, आणि हाराचा फोटो पेपरात देत.

भैयाजींनी घसा खाकरला. "बरं, खाली करू ना. पण एवढे पोते मी ठेवू कुठं?"

अजूनही पोत्यांचीच काळजी. चंद्रकुमारने हात पुढे केला. "चावी द्या."

"द्या भैयाजी," ताराचंद म्हणाले. मग त्यांनी ठरावाची वही स्वतःकडे ओढली, रश्मी गजभिये यांस सेवेत कायम करण्यात येत आहे, असं जाड अक्षरात लिहिलं, खाली सही ठोकली आणि वही फिरवली. एकाने केलेली पाहून बाकीच्यांनीही केली. भैयाजींनी सगळ्यात शेवटी केली आणि चावी टेबलावर टाकली.

भर दुपारी, सगळा रस्ता पाहत असताना, चंद्रकुमार आणि गोमाजीने पोती बाहेर काढायला सुरुवात केली. ताराचंदांनी धोतर खोचलं आणि एका पोत्याचं टोक धरलं. पहिलं पोतं रस्त्यापलीकडे नेलं तशा भैयाजींच्या बायको, आनंदाबाई, फाटकात येऊन आडव्या उभ्या राहिल्या.

"हे काय आणून राहिले इथं? जागा नाही घरात."

चंद्रकुमारने पोतं खांद्यावरून उतरवलं नाही. समोरच्या पायरीवर रश्मी उभी होती, तिलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो म्हणाला, "तांदूळ आहे काकू. आडनाव तुमचंच आहे याचं, येऊ द्या आत."