दोन नळ्या गोठल्या

त्या हिवाळ्यात आमच्या नारीन खोऱ्यातल्या लहानशा प्रसूतिगृहात नवजात बाळांच्या अंगावर पुवाचे फोड उठू लागले. एक बाळ दगावलं, तेव्हा सगळ्या कर्मचाऱ्यांच्या नाकातले नमुने घ्यायचं ठरलं. तपासायचं काम प्रयोगशाळेतल्या कानिशायकडे होतं.

तिने नाकांतल्या नमुन्यांतले आणि बाळांच्या पुवातले जंतू वाढवले, सशाच्या रक्तातल्या पिवळ्या द्रवात कालवले आणि नळ्या उबेला ठेवल्या. वाईट जातीचा जंतू एक विकर सोडतो, त्याने द्रव दह्यासारखा गोठतो. बाळांच्या सगळ्या नळ्या गोठल्या. कर्मचाऱ्यांच्या दोनच. एक म्हाताऱ्या सुईण बुर्माकानची, दुसरी कानिशायची स्वतःची.

तिने नळी तिरपी केली. द्रव हलला नाही. पू घ्यायला तीच तर रोज खाटेखाटेशी जायची. गेलेलं बाळही तिने हातात धरलं होतं.

अर्थात, असा जंतू पुष्कळांच्या नाकात निमूट राहतो. बाळांना लागलेला वाण तोच का, हे कळायला बशीतल्या जंतूंच्या थरावर त्यांना खाणारे निरनिराळे विषाणू थेंबाथेंबाने सोडायचे आणि कोणता कुठे खातो ते उद्या पाहायचं; खाल्लेल्या जागा जुळल्या तर वाण एकच.

घरी तिने तान्ह्या मुलीला जवळ घेतलं नाही.

"पोर रडून लाल झालीय," सासू म्हणाली. "पाजायचाही कंटाळा यायला लागला का आता?"

"आज बाटलीनं पाजा, आपा. मला शिवू देऊ नका तिला."

सासूने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बाटली उकळायला ठेवली.

सकाळी तिने बशा उजेडाकडे धरल्या. बाळांच्या बशीत जंतू खाल्लेले स्वच्छ ठिपके होते. तिच्या बशीत त्या जागी एकही नव्हता. मग तिने बुर्माकानची बशी उचलली. ठिपके तिथेच, तसेच.

कानिशायची मुलगी बुर्माकाननेच या जगात आणली होती.

"एजे, जरा बसा," ती बुर्माकानला थोरल्या बहिणीच्या मानाने म्हणाली.

"उभ्यानंच सांग. तुझं तोंड बघून कळतंय काहीतरी."

कानिशायने सांगितलं. म्हातारीने डोक्याचा रुमाल नाकावर ओढला आणि मागे सरकत भिंतीला टेकली.

"ते गेलेलं बाळ जन्मल्यावर रडत नव्हतं," ती म्हणाली. "मीच त्याच्या तोंडात फुंकर घातली होती गं."

तिला रजा मिळाली, नाकात लावायला मलम मिळालं. नवे फोड उठायचे थांबले. पुढच्या तपासण्या स्वच्छ आल्या, आणि डॉक्टरांनी तिला परत बोलावलं. ती आली, पण प्रसूतीच्या खोलीच्या दारातच अडली.

"आणखी एकदा बघ ना," ती कानिशायला म्हणाली. "तुझी खात्री असली तरी."

कानिशायने कापसाची नवी काडी काढली.