डॉब्सनची उंच टोपी

मी टोपी बोलतेय. नळकांड्यासारखी उंच, काळी, विलायती. हसू नका. हसण्यानंच आमचं वाटोळं केलंय.

राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात लंडनला माझा जन्म. मालक डॉब्सन, विनोदी नट. फार्स स्वतःच लिहायचा, स्वतःच नाचायचा. मी त्याच्या डोळ्यांवर घसरले की लोक पोट धरून हसायचे. घरी मात्र गडी गप्प.

मग त्याची लेक तापानं गेली. त्यानं लेक गमावलेल्या बापाचं नाटक लिहिलं. त्यात एकही विनोद नाही. उघड्या डोक्यानं उभा राहणार होता. पण थिएटरचा मालक अडून बसला, "टोपी हवीच. लोक तिलाच बघायला येतात." मेला कुठला! डॉब्सननं ऐकलं. मला घालून स्टेजवर आला, "माझी पोर गेली" म्हणाला, आणि थिएटर खदखदलं. मग त्यानंच मला डोळ्यांवर ओढलं आणि धपकन पडला. टाळ्याच टाळ्या!

पुन्हा तसलं नाटक त्यानं लिहिलं नाही. म्हातारपणी अमेरिकेच्या दौऱ्यावर आला, न्यू जर्सीतच वारला.

पुढे कितीतरी वर्षं मी जुन्या सामानाच्या दुकानात धूळ खाल्ली. तिथून मला जवळच्याच वेस्ट विंडसरच्या प्रल्हादकाकांनी उचललं. मराठी मंडळात काका म्हणजे कॉमेडी. त्यांची लेक उल्का गेल्या वर्षी गेली, तेव्हासुद्धा भेटायला आलेल्यांना ह्यांनीच हसवून पाठवलं. दुकानदाराकडून डॉब्सनची गोष्ट ऐकली आणि गणपतीच्या कार्यक्रमासाठी त्याच्यावर एकांकिका लिहिली.

"काका, शेवटचा सीन कट करा ना," मंडळाची आसावरी म्हणाली. "सणाला कोण रडतं यार? जेवणही गार होतं."

"अगं, त्या सीनसाठीच तर लिहिलंय."

"बरं, ठेवा. पण टोपी घालूनच हं! फ्लायरवर तिचाच फोटो टाकलाय."

काकांनीही ऐकलं. शेवटच्या सीनला उभे राहिले, "माझी पोर गेली" म्हणाले. आवाज फाटला. समोर बसलेला मंडळाचा शंतनू ओरडला, "काका, भारी!" अख्खा हॉल हसला.

काकांनी मला डोळ्यांवर ओढलं आणि धपकन पडले. माझ्या आत त्यांचे डोळे भरून वाहत होते. बाहेर शिट्ट्या.

"काय टायमिंग, काका!" आसावरीनं हातात ताट दिलं. काका हसले आणि जिलबी खात बसले.

आता गॅरेजमध्ये खोक्यात पडलेय. काका, ऐका माझं. तो सीन पुन्हा करा, पण मला घालू नका. उघड्या डोक्यानं उभे राहा. लोक हसले तर हसू देत मेले. तुम्ही पडू नका.