जमनाच्या पायातली ओहोटी

चिखल्याच्या मोरूला दर्या कळत होता, याबद्दल वाडीत कुणाचं दुमत नव्हतं. तो म्हणाला पाणी चढलं की चढलं, तो म्हणाला फिरलं की फिरलं. पण दर्या कळला म्हणून बायकोचा पाय कळला, असं थोडंच असतं? मोरूला मात्र तसंच वाटायचं, नि त्याच्या या खुळापायी जमनाचा जीव टांगणीला लागला होता.

जमनाच्या डाव्या पायावर शिरा उठल्या होत्या. निळ्या, वेड्यावाकड्या, करंगळीएवढ्या जाड. मासळीबाजारात उभं राहून राहून निम्मा जन्म गेलेला, दुसरं काय होणार! संध्याकाळी पाय भोपळ्यासारखा सुजायचा नि सकाळी उतरलेला असायचा. मोरूने हे चढणं-उतरणं काही दिवस नीट पाहिलं आणि निदान करून टाकलं.

"रक्ताला भरती-ओहोटी असते गो. एवढ्या मोठ्या दर्याला चंद्र ओढतो, तो तुझ्या पायातल्या तांब्याभर रक्ताला सोडील होय?"

झालं. त्या दिवसापासून घराला कायदा लागला. भरतीला रक्त वर डोक्याकडे चढतं, म्हणून पाय वर. ओहोटीला ते खाली उतरतं, म्हणून पाय खाली, लोंबते. ओहोटीत चुकून पाय वर केलाच, तर रक्त अर्ध्या वाटेत रुतून बसणार, वाळूत होडी रुतावी तसं. आणि ते काळजात रुतलं की माणूस खलास. मोरू हे इतक्या गंभीरपणे सांगायचा की ऐकणाऱ्याचा हात आपोआप छातीवर जायचा. दुपारच्या भरतीला मोरूच्या ओटीवर पाच-सहा बायाबाप्ये भिंतीला पाय लावून उताणे पडलेले दिसू लागले. चंद्रा नावाच्या शेजारणीने तर शेळीलाही तसं निजवायचा प्रयत्न केला. शेळीने लाथ घातली. "तिला तिथी कळत नाही," मोरू म्हणाला.

जमनाला हसू यायचं, रागही यायचा. पण खरं सांगायचं तर अर्धा विश्वासही होता. ज्या माणसाच्या शब्दावर अख्खी वाडी होड्या ढकलते, जो एवढ्या वादळांतून दर वेळी घरी येतो, त्याला वेडा म्हणायचं तरी कसं?

शेवटी तिचा भाऊ धर्मेश आला. तो रिक्षा चालवायचा आणि कुणाचं ऐकून घ्यायचा नाही. त्याने दोघांना रिक्षात कोंबलं आणि तलासरीच्या दवाखान्यात नेलं. तिथे शिरांची ऑपरेशनं व्हायची. डॉक्टर भाविनी तरुण होती, गुजराती होती, पण मराठी झकास बोलायची.

"जुओ, बघा काकी," ती म्हणाली, "हृदय रक्त खाली ढकलतं, ते एका नळीतून. परत वर येतं ते दुसऱ्या नळीतून, तिला शीर म्हणायचं. पोटरीचा स्नायू आवळला की रक्त वर सरकतं. ते खाली पडू नये म्हणून शिरेत जागोजागी बारीक दारं असतात, फक्त वरच्या बाजूला उघडणारी. तुमची दारं ढिली झाली. म्हणून रक्त पायातच साचतं."

"येण्याची वाट वेगळी नि जाण्याची वेगळी?" मोरूने विचारलं. "आमच्या खाडीला एकच तोंड आहे. पाणी त्यातूनच येतं, त्यातूनच जातं. दार कुणी लावलेलं बघितलं नाही."

"काका, तुमच्या जाळ्यात बोंबील आत जातो, मग परत येतो का?"

"येतो की! पाणी फिरायच्या आत जाळं उपसलं नाही तर सगळे बोंबील आल्या वाटेने जातात, बाई."

धर्मेशने कपाळावर हात मारून घेतला. "भावजी, इथे तलासरीत दर्याच नाही. मग इथली माणसं जगतात कशी?"

मोरूने खिडकीबाहेर पाहिलं. "हायवे आहे ना. येणं-जाणं चालू राहतं."

पण जमनाचं लक्ष पुढच्या बोलण्यावर होतं. भाविनीने तिच्या घोट्याजवळच्या शिरेवर बोट ठेवलं. इथली कातडी फार पातळ झालीय, म्हणाली. एखादा धक्का, एखादी खरचट, आणि रक्ताची धार लागेल. दुखणार नाही, म्हणून कळणारही नाही. तसं झालं तर लगेच आडवं व्हायचं, पाय छातीच्या वर धरायचा आणि जागेवर गच्च दाबायचं. पाय खाली राहिला तर माणूस बसल्या जागी जाईल.

ऑपरेशनची तारीख मिळाली ती नेमकी अमावास्येची. "उधाणात कुणी बांध फोडतं का?" म्हणून मोरूने ती मोडली. दुसरी मिळाली तर पाणी उतरणीला लागलेलं होतं. तीही गेली. जमना भांडली, रडली, दोन दिवस मोरूशी बोललीसुद्धा नाही. मग पौर्णिमेनंतर बघू, असं ठरलं.

पौर्णिमेच्या दिवशी सूर्य कलताना ती किनाऱ्यावर बांबूच्या मांडवावरचे सुके बोंबील उतरवत होती. दर्या पार लांब गेला होता. होड्या चिखलात कुशीवर कलंडून पडल्या होत्या. टोपली घेऊन वळताना बांबूचं टोक घोट्याला लागलं. दुखलं नाही. बाजूच्या चंद्राची साडी लाल कशी झाली, एवढंच तिला नवल वाटलं. मग धार दिसली.

"अगो बाई गो!" चंद्रा किंचाळली. बायका धावल्या, जमनाला उपड्या टोपलीवर बसवलं, पाय खाली सोडला नि गुडघ्याखाली पदर करकचून बांधला. धार आणखीच जोरात लागली.

"पाय वर करा," जमना म्हणाली. "मला आडवं करा!"

कुणी हललं नाही. ओहोटी होती ना! सगळ्यांचे डोळे चिखलातून धापा टाकत येणाऱ्या मोरूकडे.

"मोरूदादा, पाणी काय?" लहान्याने विचारलं. हा लहान्या म्हणजे मोरूच्या शब्दाबाहेर पाऊल न टाकणारा खलाशी.

मोरूने दर्याकडे पाहिलं. दर्या कुठे होता? सगळा चिखलच चिखल. त्याने जमनाकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. पाय वर केला तर रक्त काळजात रुतेल, हे त्याच्यासाठी तिच्या तोंडाइतकंच खरं होतं. आणि ती त्याच्याकडे बघत म्हणत होती, "अहो, वर करा ना. मी मरते."

मोरू आयुष्यात कधी दर्याला अरे-तुरे बोलला नव्हता. नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात घातली नव्हती. तो गर्रकन दर्याकडे वळला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "भरती आहे! ऐकलंस का रे मेल्या? भरती आहे! मी सांगतो!"

मग त्याने जमनाला वाळूत आडवं केलं, तिचा पाय आपल्या खांद्यावर घेतला आणि जखमेवर अंगठा रोवला. "बोला रे सगळे! बघता काय?"

"भरती आहे," चंद्रा रडत म्हणाली. "भरती आहे, भरती आहे," सगळी वाडी म्हणू लागली. लहान्याने तर धावत जाऊन होडी ढकलली. ती चिखलात अशी रुतली की दुसऱ्या दिवशी दहा जणांनी ओढून काढली.

धार थांबली.

धर्मेशची रिक्षा तलासरीच्या वाटेला लागली तेव्हा जमनाचा पाय बाहेर काढलेला होता नि मोरू मागे अर्धा लोंबकळत तो धरून होता. समोरून येणारे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. मोरू प्रत्येकाला ओरडून सांगत होता, भरती आहे, बाजूला व्हा.

भाविनीने घोटा तपासला. "पाय वर कुणी धरला?" तिने विचारलं. "धरला नसता तर काकी वाटेतच गेल्या असत्या." ऑपरेशन कधी करायचं, असं तिने विचारलं तेव्हा मोरूने बोटांवर तिथी मोजली नाही. "तुम्ही म्हणाल तेव्हा," म्हणाला.

चार दिवसांनी ऑपरेशन झालं. जमनाला जाग आली तेव्हा खाटेच्या पायथ्याशी मोरू उभा होता. पाय उशांवर ठेवलेला असूनही त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

"काका, सोडा आता," भाविनी म्हणाली. "सकाळपासून उभे आहात."

"बसा हो," जमना म्हणाली. "तुमच्या पायांवर शिरा उठतील."

मोरू बसला नाही. त्याचे डोळे भरून आले होते. "जमने," तो हळूच म्हणाला, "पाणी फिरलं तर मला सांग गो. मला आता दर्याचं काही कळत नाही."